पाचव्या तारेची पेटी

चतुर्थीला आठ दिवस असताना वाडीतल्या भजन मंडळाच्या पेटीचा भाता फाटला. कोकणातल्या पावसाळ्यात चामडं, पापड आणि माणसं तिन्ही सादळतात. यंदा पहिला दगा चामड्याने दिला. पेटी दुरुस्तीला सावंतवाडीला गेली आणि तिथून निरोप आला, दिवाळीत बघू. त्या रात्री तालमीनंतर उसळ-पाव खाताना मी बोलून गेलो, "बुवा, पेटीचं टेन्शन नको. माझी गिटार वाजवेल पेटी."

बुवांनी पाव खाली ठेवला. "गिटार पेटी वाजवता? मगे पेटी काय कापूस पिंजता?"

आता माघार घेणं शक्य नव्हतं. कपाटात गिटार सिंथ होता, म्हणजे गिटारच्या सुरांना दुसऱ्या वाद्याचा आवाज देणारं यंत्र, जुन्या बाजारातून घेतलेला. त्याचं पिकअप, म्हणजे तारांची कंपनं टिपणारी पट्टी, मात्र दोन वर्षं खोक्यातच पडून होती. गिटारच्या साध्या पिकअपला सहाही तारा एकदम ऐकू येतात, शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तशा. सिंथला तसं चालत नाही. त्याला प्रत्येक तारेची साक्ष वेगळी लागते. म्हणून ह्या पिकअपमध्ये दर तारेखाली एकेक स्वतंत्र कान. सहा तारांच्या सहा साक्षी 13 पिनांच्या केबलमधून यंत्राकडे जातात, यंत्र प्रत्येक तारेची कंपनं मोजून सूर ओळखतं आणि त्या सुराची पेटी, सनई, जे मागाल ते काढून देतं. रोलँड कंपनीने 1977 साली जीआर-500 हा आपला पहिला गिटार सिंथ काढला, तेव्हा केबलला 24 पिना असायच्या. त्या मानाने आपण सुखात आहोत अशी मी समजूत घातली आणि पडवीत गिटार आडवी केली.

पिकअप बसवायचं ब्रिज, म्हणजे तारा अडकवलेली खालची घोडी, आणि गिटारचं मागचं पिकअप यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, ब्रिजच्या जितकं जवळ तितकं बरं. मग तार गिटारच्या दांड्यावरच्या शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची आणि तार व पिकअप यांच्यात एक मिलिमीटर अंतर ठेवायचं. सहाही तारांना. आमच्याकडे अंतर सांगायची पद्धत म्हणजे 'हाकेवर' किंवा 'हो काय, हयसरच', आणि दुसऱ्याचा अर्थ दोन मैल. मिलिमीटरची सवय कुणाला? शाळेच्या पट्टीचं टोक तारांमध्ये शिरेना. शेवटी आईने जपून ठेवलेल्या लग्नपत्रिका काढल्या. जाड्या तीन एकावर एक ठेवल्या की बरोबर एक मिलिमीटर भरत होता. त्या तारेखाली सरकवायच्या, अडल्या तर पिकअप खाली, सैल गेल्या तर वर.

काकी तांदूळ निवडत बसली होती. "कोणाचा लगीन काढलंस रे?"

दोन तासांनी सहाही तारांखालून तिन्ही पत्रिका सुखरूप गेल्या. दुतर्फा टेपने पिकअप घट्ट चिकटवलं, केबल जोडली, जाडी सहावी तार छेडली आणि यंत्रावर पहिल्या तारेचा दिवा लागला. मी पिकअप उलटं बसवलं होतं. टेप उचकटला तर त्याच्याबरोबर गिटारचं पॉलिशही आलं, चांगलं अंगठ्याएवढं. पुन्हा पत्रिका, पुन्हा काकी. सगळं सुलट झाल्यावर रात्री माहितीपुस्तक चाळलं, तर त्यात पिकअप उलटं बसवलं असल्यास यंत्रालाच तसं सांगायची सोय दिलेली. माहितीपुस्तक आधी वाचणारा माणूस अजून मला भेटायचाय.

मग प्रत्येक तारेची संवेदनशीलता. तार जोरात छेडायची आणि यंत्रावरची पट्टी टोकाच्या किंचित अलीकडे थांबेल असं बघायचं. पाच तारा शहाण्यासारख्या वागल्या. पाचवी, म्हणजे जाडीकडून दुसरी, खाऱ्या हवेने गंजून ठार बहिरी झाली होती. भर पावसात एका तारेसाठी कुडाळ गाठायचं जिवावर आलं. मी तिची संवेदनशीलता शेवटपर्यंत चढवली आणि चहा प्यायलो.

वाजवायला बसलो तेव्हा खरा अपमान सुरू झाला. सूर ओळखायला यंत्राला निदान एक कंपन तरी पुरं ऐकावं लागतं. जाड्या तारेची सेकंदाला 82 कंपनं, म्हणजे एकाला 12 मिलिसेकंद. बारकीची 330, एकाला तीन. त्यामुळे जाड्या तारेवरची पेटी उशिरा पोचायची, मुंबईच्या पाहुण्यांसारखी. म्हणून सगळं बारक्या तारांवर वाजवायचं आणि यंत्राला एक सप्तक खाली उतरवायला सांगायचं. त्यातही बोट जरा घसरलं, तळहात चुकून टेकला, की कोंबडीवर पाय पडल्यासारखी पेटी किंचाळायची. वीस वर्षं डिस्टॉर्शनच्या गोंगाटात लपवलेला माझा गचाळ हात ह्या यंत्राने दोन मिनिटांत चव्हाट्यावर आणला.

चतुर्थीच्या रात्री मंडळ आमच्याकडे आलं. पेटी नसल्याने पखवाजवाल्याने सूर माझ्याकडे मागितला. बुवांची पट्टी, म्हणजे त्यांचा सा, पेटीवरची पांढरी सहा, पाचवी तार मोकळी सोडली की तोच सूर. त्यावर त्याने पखवाज ठोकून ठोकून मिळवला. अभंग कसाबसा निभावला. दोनदा पेटी किंचाळली, दोनदा बुवांनी डोळे मिटून ती भक्ती म्हणून पचवली. मग गजराआधी पखवाज एकटा सुटला, आणि मी गिटार मांडीवर आडवी ठेवून एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात लाडू घेतला.

पखवाजावर थाप पडली आणि पेटी वाजली.

दुसरी थाप, पुन्हा पेटी. खर्जातला, भरलेला, लांबलचक सा. तोंडात लाडू असतानाही मला कळलं: पखवाज त्या तारेवरच मिळवलेला, त्याच्या घुमाऱ्याने ती आपोआप थरथरत होती आणि मी चढवून ठेवलेली संवेदनशीलता इमानदारीने तिची पेटी करत होती. पण हे सांगणार कसं? काकीने माझे दोन्ही हात बघितले, कप आणि लाडू, मग माटीखालच्या गणपतीकडे बघितलं आणि पदर सावरून हात जोडले. मागोमाग आणखी चार बायकांनी.

मी हळूच कप खाली ठेवून यंत्राच्या बटणाकडे हात नेला. बुवांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हवांदे," ते कानाशी म्हणाले, "तुझ्यापेक्षा बरा वाजवता."