आमच्या घरचं शिक्षण खातं

मी शिक्षक नाही. माझा क्लास नाही, सायबर कॅफे नाही. साताऱ्यात एका पतसंस्थेत क्लार्क आहे आणि बीकॉमला मला किती मार्क पडले होते ते आमच्या घरात लहान पोरांनासुद्धा पाठ आहे. तरी अख्ख्या भावकीत आणि पाव्हण्यात कुणालाही शिकायची इच्छा झाली की ती इच्छा आधी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येते, सोबत तिरका काढलेला आधार कार्डाचा फोटो. कारण काय, तर फार वर्षांपूर्वी एका चुलतभावाचा फोटो मी चहा पिता पिता ५० केबीचा करून दिला होता. झालं, "त्याला जमतंय" अशी बातमी फुटली आणि तेव्हापासून मे ते सप्टेंबर मी कुणाच्या लग्नाला गेलो तरी जेवणाच्या पंगतीत कुणीतरी मला फाईल दाखवतं.

आतापर्यंतची सगळ्यात सिरीयस विद्यार्थिनी म्हणजे आमची काकू. वय विचारायचं नाही. आठवीत असताना लग्न झालं आणि शाळा सुटली, त्यानंतर संसार, सासू-सासरे, म्हशी, दोन पोरं मार्गी लावणं सगळं झालं. पण बचत गटाची अध्यक्षा दहावी पास आहे आणि ती ते प्रत्येक मीटिंगला सांगते, हे काकूला झोपू देईना. एक दिवस मला म्हणली, "बाळ्या, तो १७ नंबरचा फॉर्म असतो ना, तो भर माझा." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावीला बसायचं तर बोर्डाचा हा फॉर्म भरावा लागतो, आणि तो भरायला पहिल्यांदा लागतो शाळा सोडल्याचा दाखला, जो काकूनं लग्नात माहेरी सोडला होता. तो मिळाला. त्यावर जन्मतारीख १ जून. काकांची पण १ जून, काकांच्या थोरल्या भावाची पण १ जून, म्हणजे माझ्या वडलांची. त्या काळच्या गुरुजींनी शाळा जूनला उघडते म्हणून महाराष्ट्रातली निम्मी जनता एकाच दिवशी जन्माला घातलीय, त्यामुळं आमच्याकडं वाढदिवस होलसेलमध्ये होतात.

अभ्यास घ्यायचं काम अर्थातच माझं. दहावीचं गणित आता दोन भागांत असतं, ४०-४० मार्कांचं, भाग एक बीजगणित आणि भाग दोन भूमिती. मी मोठ्या उत्साहानं "समजा पेनाची किंमत एक्स रुपये आहे" म्हणून सुरुवात केली तर काकू म्हणली, "समजा कशाला? दुकानदाराला विचार की." दोन चलांतील रेषीय समीकरणं या प्रश्नावर तीन आठवडे अडली. पण त्याच पुस्तकात अर्थनियोजन नावाचा धडा आहे, त्यात जीएसटी आणि शेअर्स, आणि तिथं मात्र काकूनं माझी अब्रू काढली. बचत गटाचं व्याज तोंडी करणारी बाई ती, मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत तिचं उत्तर तयार, वर "पतसंस्थेत तुला ठेवलाय कुणी?" हा प्रश्न. मला त्याचं उत्तर आलं नाही.

खरा घोळ संभाव्यतेनं केला. ५२ पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला तर तो एक्का असण्याची संभाव्यता किती. काकूला पत्ते माहीत नाहीत, मी चार रंग, तेरा-तेरा पत्ते समजावतोय, तेवढ्यात कॉटवर झोपेचं सोंग घेऊन पडलेले काका म्हणाले, "बावन्नात चार. पण दोन एक्के आधीच पडलेत हे ध्यानात ठेवलं तर हिशोब बदलतो." काकूनं पुस्तक मिटलं. दुपारी चार वाजता काका रोज सोसायटीत नक्की कसल्या मीटिंगला जातात हे घरात त्या दिवशी कळलं, आणि शिक्षणानं माणसाचे डोळे उघडतात ते असे. काकांचे तर चांगलेच उघडले.

काकूची तयारी चालू असतानाच आमच्या हिनं बीएडला अ‍ॅडमिशन घेतलं होतं. दोन वर्षांचा कोर्स, त्यात सराव पाठ, त्याची टाचणं, आणि वर्गात जायच्या आधी घरी रंगीत तालीम, ज्यात पाचवी ब चा अख्खा वर्ग म्हणजे मी. बीएडच्या पाठाची एक गंमत असते, शिक्षिकेनं प्रस्तावनेचे प्रश्न असे विचारायचे की पोरांच्या तोंडूनच विषय बाहेर यावा आणि मग उद्देशकथन करायचं. हिनं विचारलं, "पावसात बाहेर जाताना आपण काय घेतो?" मी खरं ते सांगितलं, "गाडीची चावी." तिला छत्री पाहिजे होती. छत्रीवरून पाऊस, पावसावरून जलचक्र असा तिचा रस्ता होता, तो चावीपाशीच बंद पडला. मग तिसरीतल्या माझ्या पोरीला बोलावण्यात आलं, तिनं पहिल्या झटक्यात छत्री सांगितली आणि मला वर्गाबाहेर, म्हणजे गॅलरीत, उभं करण्यात आलं. तिथं रेंज चांगली येते म्हणून मी तिथूनच ताईचा फोन घेतला, आणि इथून खरी कथा सुरू होते.

ताई दिली फलटण तालुक्यात. भाचा सोहम, बारावी सायन्स, इंजिनिअरिंगला जायचं म्हणून सीईटी दिलेली. पीसीएम ग्रुपला, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सला, १५० प्रश्न, २०० मार्क, आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न न सोडता तो मोठ्या आत्मविश्वासानं बाहेर आला होता. निकाल आला पर्सेंटाईलमध्ये, ८८ आणि पॉइंटपुढं सात आकडे. दाजींनी गावात ८८ टक्के म्हणून पेढे वाटले. मी समजावून सांगितलं की दाजी, याचा अर्थ शंभरातली ८८ पोरं याच्या मागं आहेत, मार्क बघायचे तर आन्सर की घेऊन मोजावे लागतील, आणि ते निम्म्याच्याही वर जात नाहीयेत. दाजींनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणले, "८८ पोरं मागं टाकली ना? मग पेढे बरोबरच हायत की पाव्हणं."

कागदपत्रांची लढाई तर आदल्या वर्षीच सुरू झालेली. ओबीसीतून अ‍ॅडमिशन म्हणजे जातीचा दाखला, नॉन क्रिमी लेयर, त्याला ८ लाखांच्या आतलं उत्पन्न, आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे जात पडताळणी. त्याला पुरावा लागतो १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. दाजींच्या घरात १९६७ च्या आधीची वस्तू म्हणजे एक पितळी घंगाळ आणि दाजींची आत्या, दोन्हींवर जात लिहिलेली नाही. मग मी आणि दाजी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. गुरुजी चांगला माणूस, त्यांनी कपाटावरची पत्र्याची पेटी उतरवली, त्यातनं वाळवीनं कडा खाल्लेली जनरल रजिस्टरं काढली आणि आम्ही तिघं धूळ खात पानं उलटत बसलो. संध्याकाळी सापडले, दाजींचे आजोबा! नाव, जात, सगळं स्वच्छ बोरूच्या अक्षरात. शाळेत दुसरीपर्यंत, शाळा सोडण्याचं कारण "गुरे राखणेस". म्हाताऱ्यानं आयुष्यात शाळेसाठी जेमतेम दोन वर्षं काढली, तीपण बहुतेक मार खाऊन, आणि त्याच्यावर आता पणतू इंजिनिअर होणार होता. दाजी इतके भारावले की शाळेचा सही-शिक्क्याचा उतारा मिळाल्या मिळाल्या फलटणला जाऊन लॅमिनेशन करून आणला. ऑफिसात लॅमिनेशन केलेला कागद घेईनात. पुन्हा गुरुजी, पुन्हा पेटी.

आता ऑनलाईन रजिस्ट्रेशन. यात सगळ्यात अवघड विषय फिजिक्स नाही, ओटीपी आहे. सगळीकडं नंबर दाजींचा दिलेला, दाजी सकाळी डेअरीला, नंतर रानात, आणि रानात रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर येते. मी साताऱ्यात स्क्रीनपुढं, उलटे सेकंद चालू, फोन केला तर आधी त्या वेळच्या कॉलर ट्यूनमधली बाई अर्धा मिनिट सायबर फसवणुकीवर प्रवचन देणार, मग दाजी उचलणार. "दाजी, ओटीपी आलाय बघा, सांगा पटकन." पलीकडं शांतता. मग हळू आवाजात, "पाव्हणं, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो." मी म्हणलं अहो मी आहे. तर म्हणले, "तेच म्हणतात सगळे. तुमच्याच पतसंस्थेत बोर्ड लावलाय, कुणालाबी सांगू नका म्हणून." तो बोर्ड मीच लिहिलाय, लाल स्केचपेननं, खाली दोन रेघा मारून. शेवटी ताईचं नाव, लग्नातलं मानपान, सोहमच्या बारशाला मी आणलेलं बाळलेणं एवढं सगळं व्हेरिफाय झाल्यावर त्यांनी आकडे सांगितले, तोवर सेशन एक्स्पायर्ड.

मग ऑप्शन फॉर्म. त्यात कॉलेज आणि ब्रँचचे ३०० पर्यंत पर्याय टाकता येतात. तीनशे! लग्न ठरवताना मला एक दाखवली होती. बरं नुसते टाकायचे नाहीत तर क्रम लावायचा, आणि त्यात मेख अशी की पहिल्या राऊंडला एक नंबरचा पर्याय लागला की सीट आपोआप फ्रीज, पुढचे राऊंड बंद. दुसऱ्या राऊंडला हाच नियम पहिल्या तीन पर्यायांना, तिसऱ्याला पहिल्या सहांना. म्हणजे वर काय टाकायचं यात खरी अक्कल, आणि अक्कल द्यायला घर भरलेलं. दाजींना कॉम्प्युटरच पाहिजे, कारण शेजारच्यांच्या पोराला कॉम्प्युटर आहे. ताईला पुणं नको, पोरगं बिघडतं. माझ्या बायकोचं म्हणणं आधी त्याची अभिरुची तपासा, हे बीएडमुळं. काकू तोवर दहावी पास झालेली, अर्थनियोजनाच्या जोरावर, त्यामुळं ती आता शिकलेल्या माणसांच्या बाजूला खुर्ची घेऊन बसली आणि एकेका ब्रँचचं नाव वाचायला लागली. त्यात एक निघाली, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, कंसात इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉक चेन टेक्नॉलॉजी. हे एका ब्रँचचं नाव आहे, मी काही वाढवलेलं नाही. काकू म्हणली, "एवढं सगळं शिकवणार असतील तर चार वर्षांत कसं व्हायचं? दुसरं बघ."

आणि ज्याचं हे सगळं चाललंय तो सोहम कुठं, तर आत, पंख्याखाली, रील्स बघत. "सोम्या, तुला काय आवडतं रे?" "मामा, तू टाक की काहीपण." दाजींच्या हट्टापायी सीओईपी आणि व्हीजेटीआय या पुण्यामुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजांचं कॉम्प्युटर वर टाकलं, ८८ ला ते लागणार नव्हतं, पण लिस्टमध्ये नाव दिसलं की त्यांना बरं वाटायचं. मला हा खर्च नसलेला आनंद पटतो, तीनशे रकाने आहेत, दोन त्यांच्यासाठी ठेवले. पहिल्या राऊंडला काही नाही. दुसऱ्याला लांबचं कॉलेज, तिथं १००० रुपये सीट अ‍ॅक्सेप्टन्स भरून बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या राऊंडला आणखी चांगलं मिळतंय का बघायला, गेलो. तिसऱ्याला साताऱ्याच्या अलीकडंच मेकॅनिकल लागलं, माझ्या लिस्टप्रमाणं, आणि त्या दिवशी गावात दाजींनी सांगितलं की कॉम्प्युटर मिळत होतं पण आम्हीच नको म्हणलं, गर्दी फार झालीय त्यात.

फीचं बोलायचं तर सरकारी नियमानं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओबीसीतल्या मुलींची इंजिनिअरिंगसारख्या कोर्सची ट्युशन फी २०२४ पासून पूर्ण माफ आहे. हे कळल्यापासून सोहमची धाकटी बहीण, अकरावीतली, घरात वेगळ्याच तोऱ्यात चालते. "पप्पा, माझा खर्च नाहीये, दादाचं बघा तुम्ही." दादाचं बघायला मीच. महाडीबीटीवर त्याच्या स्कॉलरशिपचा अर्ज, त्याला पुन्हा आधार, पुन्हा बँक खातं लिंक, पुन्हा ओटीपी, पुन्हा विहिरीचा कठडा. एव्हाना दाजींची भीड चेपली होती. आता ते ओटीपी आला की न विचारता फोन करून सांगतात, परवा गॅस सिलिंडरचा पण सांगितला.

पहिलं सेमिस्टर झालं. रात्री साडेदहाला सोहमचा फोन, आवाज एकदम बारीक. "मामा, एम-वन नाही सुटला." इंजिनिअरिंगच्या गणिताला एम-वन म्हणतात, आणि तो सुटत नाही ही परंपरा जुनी आहे, त्यामुळं मी फारसा हललो नाही. म्हणलं भर री-एक्झामचा फॉर्म, त्यात काय. तर म्हणतो, "तेच ना. ओटीपी पप्पांच्या मोबाईलवर जातोय."

मी दाजींना फोन लावला. म्हणलं, "दाजी, आत्ता एक ओटीपी येईल, तेवढा सांगा." ते झोपेत होते, तरी चष्मा शोधून आकडे सांगितले, मग विचारलं, "आता कशाचा हो?"

"स्कॉलरशिपचाच आहे, दुसऱ्या एका."

आता दाजींनी गावात सांगितलंय की पोराला कॉलेजात आणखी एक स्कॉलरशिप लागली, गणिताची.