कीबोर्डला रंग किती ते सांगता, मग वॅट का लपवता?

लॅपटॉपच्या खोक्यावर सगळं छापलंय. प्रोसेसरचं नाव, ग्राफिक्स कार्डाचं नाव, रॅम, स्क्रीन किती हर्ट्झची (म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलते), कीबोर्डच्या दिव्यांना रंग किती. छापलेलं नाही ते एकच: त्या ग्राफिक्स कार्डाला वॅट किती मिळणार, म्हणजे वीज किती ओढता येणार. आणि सगळं त्याच आकड्यावर अवलंबून आहे! सहा महिने झाले घेऊन, तरी हे आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

झालं असं, की मी आणि माझा मित्र एकाच टेबलावर बसून एकच गेम सारख्याच सेटिंगवर खेळत होतो. त्याचं कार्ड माझ्यापेक्षा एक पायरी खालचं, लॅपटॉप जाडजूड. तरी फ्रेम, म्हणजे सेकंदाला तयार होणारी चित्रं, त्याच्याकडे जास्त! मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. ड्रायव्हर काढून परत टाकले, परफॉर्मन्स मोड तपासला, चार्जरची पिन नीट बसलीय का तेसुद्धा पाहिलं. शेवटी कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं. जास्तीत जास्त ग्राफिक्स पॉवर: ८० वॅट. त्याच्याकडे तिथेच १४०. म्हणजे मी वरच्या क्रमांकाचे पैसे मोजले आणि त्या क्रमांकाचा वेग मला कधी मिळणारच नव्हता. हे लॅपटॉपच्या कंपनीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला नव्हतं.

पातळ डब्यात उष्णता कोंबता येत नाही, हे मलाही कळतं. लॅपटॉप पातळ हवा तर वॅट कमी, हा सौदा मला मान्य झाला असता. पण सौदा करायचा तर दोन्ही बाजू समोर ठेवा ना! पूर्वी कमी वॅटच्या कार्डांच्या नावापुढे मॅक्स-क्यू असं लिहिलेलं असायचं, निदान कळायचं तरी. २०२१ मध्ये एनव्हिडियाची आरटीएक्स ३० मालिकेची कार्डं लॅपटॉपमध्ये आली तेव्हापासून नावावरून काही ओळखू येईनासं झालं.

क्रमांकांची तर वेगळीच तऱ्हा. आरटीएक्स ४०९० घ्या. डेस्कटॉपवर १६,३८४ क्युडा कोअर (हिशोब करणारे छोटे भाग), २४ जीबी मेमरी, ४५० वॅट. लॅपटॉपमधल्या ४०९० ला कोअर ९,७२८, मेमरी १६ जीबी आणि वॅट ८० ते १५०, वर बूस्टचे, म्हणजे प्रोसेसरच्या वाट्यातून तात्पुरते मिळणारे, थोडे. आतली चिपसुद्धा वेगळी, डेस्कटॉपच्या ४०८० मध्ये असते ती. फरक कळायला नावामागे ‘लॅपटॉप जीपीयू’ एवढेच शब्द, आणि जाहिरातीत तेही बारीक अक्षरात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! शिवाय ८० ते १५० म्हणजे जवळपास दुप्पट फरक, तोही एकाच नावाखाली. विकत घेणाऱ्याने ओळखायचं कसं?

राग जास्त येतो तो मशीन खरंच चांगलं आहे म्हणून. स्क्रीन अशी आहे की २४० हर्ट्झची सवय झाल्यावर दुसरीकडे माउस हलवला तरी अडखळल्यासारखं वाटतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला जो सीन जुन्या लॅपटॉपवर रात्रभर रेंडर व्हायचा, तो आता जेवून येईपर्यंत तयार असतो. व्हिडिओच्या टाइमलाइनवर चार थर टाकले तरी अडकत नाही. एका बॅगेत घालून कुठेही नेता येतं आणि हे डेस्कटॉपला कधीच जमणार नाही. मला हे मशीन आवडतं. म्हणूनच खोटेपणा सहन होत नाही.

आणि ‘कुठेही नेता येतं’ म्हणजे काय, तर जिथे प्लग आहे तिथेच. बॅटरी १०० वॅट-तासांच्या आत ठेवतात, कारण त्याहून मोठी विमानात न्यायची तर आधी परवानगी लागते. आता हिशोब करा. कार्ड आणि प्रोसेसर मिळून २०० वॅट ओढायला लागले तर अर्ध्या तासात खेळ संपला. म्हणून चार्जर काढल्याबरोबर लॅपटॉप स्वतःच वेग आवळून घेतो आणि फ्रेम निम्म्याहून खाली येतात. टाइप-सीचा १०० वॅटचा चार्जर लावून गेम चालवला तर बॅटरी हळूहळू उतरतच राहते. मग विटेएवढा मूळ चार्जर पाठीवर वाहायचा. लॅपटॉपचं वजन सांगताना त्या विटेचं वजन का धरत नाही तुम्ही?

पंख्यांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. हेडफोन घालूनही ऐकू येतात. खोलीत कोणी झोपलं असेल तर मला गेम बंद करावा लागतो. गेममध्ये चालण्या-वळण्याच्या डब्ल्यू-ए-एस-डी या कळांच्या वरची पट्टी इतकी तापते की बोट ठेववत नाही. प्रोसेसर ९५ अंशांवर जातो म्हणून तक्रार केली, तर उत्तर आलं, ‘मॅडम, हे नॉर्मल आहे.’ अंडरव्होल्ट करायला, म्हणजे तापू नये म्हणून प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायला गेले, तर बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) ती सोय कुलूपबंद. आता मागची बाजू उंच करून ठेवते आणि फ्रेम ९० वर बांधून घेतल्यात. त्याने आवाज खूप कमी झाला, खरंच करून बघा. पण २४० हर्ट्झची स्क्रीन घेऊन ९० फ्रेमवर खेळायचं, यासाठी घेतला होता का हा?

रॅम आणि एसएसडी बदलता येतात, तेवढं बरं. कार्ड मदरबोर्डवरच डकवलेलं. म्हणजे ८० वॅट ते कायमचे ८०.

कस्टमर केअरला तीन ईमेल केले. प्रश्न एकच, या मॉडेलच्या पानावर वॅट का लिहिले नाहीत? पहिल्या उत्तरात त्यांनी मला कार्डाचं नाव कळवलं. दुसऱ्यात परफॉर्मन्स मोड कसा लावायचा ते. तिसऱ्यात ‘आपलं समाधान झालं असेल अशी आशा आहे’ म्हणून तक्रार बंद केली. माझं समाधान झालेलं नाही! लिहायला लागतात किती, दोन-तीन अंक आणि एक शब्द.

आज पुन्हा ते पान उघडून पाहिलं. कीबोर्डच्या दिव्यांचा नवीन फोटो चढवलाय. वॅट अजूनही नाहीत.