मांजर पानं खाणारच, कुंडीत तिखट टाकू नका

मांजर कुंड्यांची वाट लावतंय असं कुणी म्हटलं की सल्ले सुरू होतात, मातीत लाल तिखट टाक, डांबर गोळ्या ठेव, टी ट्री ऑइल शिंपड. मला हे ऐकलं की खरंच राग येतो. डांबर गोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅप्थलीन, ते मांजराला सरळ सरळ विष आहे. तिखट पंजाला लागलं की मांजर तो पंजा चाटतं आणि तोच तोंडावरून, डोळ्यांवरून फिरवतं. तेलाचं तर अजून वाईट, कारण मांजराच्या लिव्हरला अशी बरीच रसायनं आपल्यासारखी निकामी करता येत नाहीत आणि अंगावर पडलेलं सगळं ते चाटून पोटात घेणार. झाड वाचवायला मुक्या जिवाला आजारी पाडायचं, हा कुठला न्याय?

मुळात पानं खाणं ही वाईट खोड नाहीये हो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या लोकांनी हजारावर मांजरवाल्यांना विचारलं होतं, 71 टक्के लोकांनी आपलं मांजर निदान सहा वेळा तरी झाडपाला खाताना बघितलं होतं, आणि त्यातली बहुतेक मांजरं आधी आजारी वगैरे अजिबात वाटत नव्हती. म्हणजे ही उपजत गोष्ट आहे, ओरडून जाणार नाही. मग तिला तिचं हक्काचं गवत द्या ना! डब्यातले साधे गहू रात्रभर भिजवायचे, पसरट कुंडीत पेरायचे, आठ-दहा दिवसांत मस्त हिरवंगार होतं. बियाण्याच्या दुकानातले घेऊ नका, त्यांना बऱ्याचदा औषध चोळलेलं असतं. दोन कुंड्या आलटून पालटून ठेवा आणि जिथे ती ऊन खात बसते तिथेच ठेवा. आमची ठमी आता सकाळी उठली की आधी तिच्या गव्हाकडे जाते, बाकी कुंड्यांकडे फार बघत नाही. माती उकरत असेल तर वर मोठे गोटे पसरा, तेवढं पुरतं.

तरीपण झाडं निवडूनच आणायला हवीत आणि इथे नर्सरीवाले काही म्हणजे काही सांगत नाहीत. मनी प्लांट, डिफेनबेकिया, मॉन्स्टेरा, सिंगोनियम, पीस लिली या सगळ्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या क्षाराच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक सुया असतात, चावलं की तोंडाची आग, लाळ, उलट्या. हे सहसा जिवावर बेतत नाही पण त्रास होतोच. उंच टांगलं तरी मनी प्लांटचा वेल खाली लोंबतो, हलतो, मग मांजर उडी मारणारच. सायकस मात्र घरात नकोच, लिव्हर जातं. कण्हेर आणि अडेनियम हृदयावर जातात. त्यापेक्षा अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, कॅलाथिया घ्या, खाल्लं तर पानाचं टोक फाटेल, बस.

आणि लिली. खरी लिली म्हणजे बुकेमध्ये येते ती मोठी वासाची ओरिएंटल, एशियाटिक, शिवाय बागेतली डे लिली पण. याबद्दल मी कुणाचंही काही ऐकून घेणार नाही. पान, पाकळी, अंगावर पडलेला पराग चाटला, अगदी फुलदाणीतलं पाणी प्यायली तरी मांजराच्या किडन्या एक ते तीन दिवसांत बंद पडू शकतात. फसवं काय, तर सुरुवातीच्या उलट्या काही तासांनी थांबतात आणि घरच्यांना वाटतं बरी झाली, आत मात्र किडनी चाललेली असते. त्यामुळे नुसता संशय आला तरी रात्र असो की रविवार, झाडाचा फोटो किंवा तुकडा घेऊन लगेच व्हेटकडे पळा, पहिल्या काही तासांत सलाईन लागलं तर मांजर वाचू शकतं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्याने नवीनच संकट उभं राहतं. डिसेंबरात लाल पॉइन्सेटियाला लोक उगाच घाबरतात, त्याने फार तर पोट बिघडतं, आणि तेच लोक लिलीचा बुके टीपॉयवर ठेवतात!

वाढदिवस, सत्कार, नवीन घर, कुठेही बुके द्यायचा असेल तर आधी विचारा की घरी मांजर आहे का. असेल तर फुलवाल्याला सांगा लिली अजिबात घालू नको, गुलाब, जरबेरा, ऑर्किड घाल.