फरक ऐकू येतोय ना?

आमचे साडू सतीशराव यांच्याकडे चहा फुकट मिळत नाही. आधी फरक ऐकावा लागतो. म्हणजे जुन्या स्पीकर-वायरीतला आणि नव्या स्पीकर-वायरीतला फरक. नवी वायर अंगठ्याएवढी जाड, तिच्यावर विणलेलं जांभळं कापड, टोकांना सोन्याचा मुलामा दिलेले बनाना प्लग. अंगावर बाणही छापलाय, आवाजाने वाट चुकू नये म्हणून. (स्पीकरच्या वायरीतला करंट सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट फिरतो, पण ते बाणाला सांगणार कोण?) वायरीची खरी किंमत त्यांच्या बायकोला, म्हणजे ताईंना ठाऊक नाही. मला आहे. म्हणून मला चहाबरोबर बाकरवडीही मिळते.

विधी ठरलेला. मला सोफ्याच्या बरोबर मधोमध बसवतात, मोबाइल काढून घेतात आणि पंखा बंद करतात. मे महिन्यातसुद्धा. मग भीमसेनजींचा षड्ज लागतो आणि सतीशराव डोळे मिटायचे सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मान नेमकी कधी डोलवायची, हा पेच. लवकर डोलवली तर "थांबा हो, अजून ती जागा आलीच नाही." उशीर झाला तर "निसटली!" त्यानंतर तोंडी परीक्षा.

"काय, पार्श्वभूमी काळी झाली की नाही?"

"झाली की!"

आधी ती कुठल्या रंगाची होती, हे विचारायची माझी छाती नाही.

एकदा मात्र मी धीर करून हिशेब मांडला. पुण्याच्या तापकीर गल्लीत मीटरवर मिळते ती अडीच चौरस एमएमची तांब्याची वायर घ्या. तिचा रोध किलोमीटरला साधारण आठ ओहम. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर. रोध झाला ०.०८ ओहम. समोर स्पीकर आठ ओहमचा. शंभरात एक भाग! आवाजात ०.१ डेसिबलचासुद्धा फरक नाही. सोफ्यावर दोन बोटं पुढे सरकून बसलं तरी तेवढा पडतो. शिवाय स्पीकरच्या आत पडदा हलवणाऱ्या व्हॉइस कॉइलची तार आहेच, जेमतेम केसापेक्षा जाड. अंगठ्याएवढ्या वायरीतून आलेल्या करंटला शेवटी तिच्यातूनच जायचंय.

वायरीने काहीच होत नाही, असंही नाही. हॉलमधून गच्चीपर्यंत पंधरा मीटर अर्ध्या चौरस एमएमची तार ओढून चार ओहमचा स्पीकर लावा, दोनेक डेसिबल वाटेतच जिरतील. त्यावर उपाय जाड वायर. जाड म्हणतोय मी, महाग नव्हे.

"सगळंच काही मोजता येत नाही," सतीशराव म्हणाले.

मग मी त्यांना जेम्स रँडी ऐकवला. अमेरिकेतला जादूगार, भोंदूंचा कर्दनकाळ. २००७ साली त्याने आव्हान दिलं होतं की ७,२५० डॉलरची स्पीकर-वायर नुसत्या कानाने ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. वायरवाल्या कंपनीनेच अंग काढून घेतलं, परीक्षा काही झाली नाही. सतीशरावांनी शांतपणे बाकरवडीची बशी स्वतःकडे ओढली. "पैशासाठी ऐकणारा माणूस रसिक नव्हेच."

खरा घोळ खोलीचा आहे. डावा स्पीकर फ्रिज आणि देव्हारा यांच्या कोपऱ्यात कोंबलेला, त्यामुळे खर्ज तिथेच घुमत राहतो. उजव्यासमोर ताईंचा मनी प्लांट. खाली चकचकीत टाइल्स, समोर काचेचं कपाट. एक जाड गालिचा अंथरला आणि स्पीकर हातभर पुढे ओढले, तर माझ्यासारख्या औरंगजेबालाही फरक कळेल. पण "गालिचा झटकणार कोण?" आणि "ते खांब माझ्या पायात नकोत," असे दोन निकाल ताईंनी केव्हाच दिलेत, आणि त्यांवर अपील नाही. त्या घरात सतीशरावांची सत्ता चालते ती फक्त स्पीकरच्या पाठीमागे. माणूस वायर नाही तर काय बदलणार?

आणि भीमसेनजींच्या मागच्या ज्या तानपुऱ्यासाठी हा खटाटोप, त्याची जवारी, म्हणजे तारांचा तो घुमारा, खुलते ती तारा टेकतात त्या घोडीवर तारेखाली सरकवलेल्या साध्या दोऱ्याने. तो दोरा केसभर इकडे-तिकडे झाला की आवाज उघडतो किंवा बसतो. ताईंच्या भाचीचा तानपुरा एकदा तिथे जुळवला जात होता, तेव्हा दोरा जागेवर आल्याचं ताईंना कुकरच्या शिट्ट्यांतूनही कळलं. "आत्ता लागला बघ," म्हणून त्या आतून ओरडल्या. त्यांचा पंखा कुणी बंद केलेला नव्हता.

परवा निघताना सतीशरावांनी माझ्या हातात एक जड पिशवी दिली. आत त्यांची जुनी वायर, तीही काही स्वस्तातली नव्हे. "तुमच्याकडे लावा. रविवारी फरक ऐकायला येतो," असं म्हणून, ताईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी माझा खांदा थोपटला. आमच्या घरी ब्लूटूथचा डबा आहे, हे त्यांना कसं सांगावं या विवंचनेत मी आहे. त्याला वायर लागते, पण ती चार्जरची.