भागाकार की वजाबाकी?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा आक्षेप असा, की बेसबॉलमधले पिचर (चेंडू फेकणारे) जोखताना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद) भागिले वॉक (चार बॉल, म्हणजे टप्प्याबाहेरचे चेंडू, पडल्याने बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) हे सोपं गुणोत्तर सोडून मी वजाबाकी धरली, कारण भागाकारात पेद्रो मार्टिनेझ मागे पडतो. पेद्रो माझा आवडता पिचर आहे, हे खरं. पण कारण ते नाही.

तुम्ही दिलेलंच उदाहरण घेऊ. 2014 मध्ये मिनेसोटा ट्विन्सच्या फिल ह्यूजने 186 स्ट्राइकआउट घेतले आणि अख्ख्या हंगामात वॉक दिले फक्त 16. गुणोत्तर 11.63, विक्रमी. 1999 च्या पेद्रोचे 313 आणि 37, म्हणजे 8.46. आता ह्यूजच्या खात्यात आणखी चारच वॉक टाका. 855 बॅटरांत चार! तीन बॉल झालेले असताना पंचांनी कडेचे चार चेंडू उलटे ठरवले असते, तरी एवढं झालं असतं. पण गुणोत्तर थेट 9.3 वर येतं. पिचर तोच, हंगाम तोच, आणि आकडा एक पंचमांशाने खाली. छेद लहान असला की असंच होणार.

वजाबाकी इतकी डगमगत नाही. समोर आलेल्या बॅटरांपैकी किती टक्के स्ट्राइकआउट, त्यातून वॉकचे टक्के वजा. ह्यूज 19.9, चार वॉक वाढवले तरी 19.4. पेद्रो 33.1. शंभर बॅटरांमागे तेरांचा फरक, आणि भागाकार नेमका तोच झाकतो. त्याच्या लेखी 10 आणि 1 म्हणजेच 300 आणि 30. ह्यूजसमोरच्या दर चार बॅटरांपैकी साधारण तिघे चेंडू टोलवत होते. पुढचं बरंचसं क्षेत्ररक्षकांच्या हाती. पेद्रो ती वेळच कमी येऊ द्यायचा, तेही बॅटर आजच्यापेक्षा बरेच कमी स्ट्राइकआउट होत त्या काळात.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र पूर्ण मान्य. माझ्या वजाबाकीत एक वॉक आणि एक स्ट्राइकआउट सारख्याच वजनाचे, आणि मैदानात तसं नसतं. एफआयपी, म्हणजे क्षेत्ररक्षण वगळून पिचर जोखणारा आकडा, त्याच्या सूत्रात स्ट्राइकआउटला 2, वॉकला 3 आणि होमरनला 13 असं वजन आहे. होमरन तर माझ्या हिशेबात आलेच नाहीत. त्यामुळे ‘पिचर जोखायला हा एक आकडा पुरे’ हे माझं वाक्य चूक होतं. ते आज काढतो आहे.

वजाबाकीचा पिचरांचा तक्ता मात्र ठेवतोय. 2002 चा कर्ट शिलिंग, 316 आणि 33, राहून गेला होता हे तुम्ही बरोबर हेरलंत. तोही त्यात घालतो.