अर्जापुरते सर्वज्ञ

शहापुरात माझे डीटीपी आणि झेरॉक्सचे दुकान असल्यामुळे बेळगावच्या तरुणांचे कर्तृत्व त्यांना नोकरी देणाऱ्या मालकांच्या आधी मला कळते, किंबहुना त्यातले बरेचसे माझ्याच संगणकावर जन्माला येते. दहावीची गुणपत्रिका, आयटीआयचे प्रमाणपत्र आणि आधार कार्ड एवढा ऐवज प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन एखादा मुलगा ‘काका, एक बायोडाटा करून द्या की ओ’ म्हणत आत येतो, तेव्हा त्याच्याजवळ सांगण्यासारखे जेमतेम अर्धे पान असते. बाहेर पडताना मात्र त्याच्या हातात दोन भरगच्च पाने असतात. मधल्या दीड पानाचे पाप कोणाच्या माथी, हा प्रश्न मला रात्रभर झोपू देत नाही असे म्हटले तर तीही अतिशयोक्तीच होईल. दुपारी गिऱ्हाईक नसताना मात्र तो पडतो.

सगळ्यात मोठा घोळ भाषांच्या तक्त्यात होतो. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चार ओळी आणि त्यांच्यापुढे ‘लिहिता, वाचता, बोलता येते’ असे तीन रकाने. ‘सगळीकडं बरोबरच्या खुणा मारा की,’ असे सांगून गिऱ्हाईक मोबाइलमध्ये डोके घालते. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या मुलांना कन्नड अजिबात येत नाही असे नव्हे. भाजीबाजारात घासाघीस करण्यापुरते ते येते, आणि बसवरचा फलकही वाचता येतो, बस ओळखीच्या गावाची असली म्हणजे. मुलाखतीत ‘निम्म हेसरु एनु?’ (तुमचे नाव काय?) या पहिल्या प्रश्नाला सगळे छातीठोकपणे उत्तर देतात. दुसऱ्या प्रश्नाला ‘स्वल्प स्वल्प बरतैति री’ (थोडे थोडे येते हो) एवढेच शिल्लक उरते. सरकारी नोकरीत कन्नडची परीक्षाच द्यावी लागते, त्यामुळे तिथे माझ्या खुणेला कोणी विचारत नाही. खासगी ठिकाणी मात्र ती खूणच माणसाला दारातून आत नेते. इंग्रजीच्या ‘बोलता’ या रकान्याशी आलो, की मी मुलाकडे पाहतो, मुलगा माझ्याकडे पाहतो, आणि दोघांचीही मान खाली जाते. मग मी खूण करतो.

‘टॅली येते’, म्हणजे संगणकावर हिशेब ठेवता येतो, हे वाक्य तर मी आता न विचारताच टाइप करतो. हिशेबनीस नेमणारे जुने लोक बेरकी असतात. ते टॅलीबद्दल काही विचारत नाहीत. गल्ल्यातली रोकड बँकेत भरली तर नोंद कुठे करशील, एवढेच विचारतात. उमेदवार मोठ्या आत्मविश्वासाने ‘एफ५, पेमेंट’ म्हणतो, आणि रोकड व बँक यांच्यातली देवघेव नोंदवणाऱ्या एफ४ च्या काँट्रा व्हाउचरशी त्याची कधीच गाठ पडलेली नाही हे तिथल्या तिथे उघड होते. असा मुलगा चुकून लागलाच, तर फार तर जीएसटीचे विवरणपत्र उशिरा जाईल, थोडा दंड बसेल आणि कर सल्लागार फोनवर ओरडेल. एवढे पाप माझे टाइपिंगचे दर पाहता मला परवडते.

उद्यमबाग या आमच्या औद्योगिक वसाहतीचे तसे नाही. तिथल्या कारखान्यांत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या, यंत्रावर माणूस हवा असतो आणि आमचा उमेदवार ‘ऑपरेटिंग, सेटिंग, प्रोग्रॅमिंग तिन्ही लिहा’ म्हणतो. प्रत्यक्षात त्याने जॉब लावला, दार बंद केले आणि हिरवे बटण दाबले, एवढाच त्याचा अनुभव असतो. एखादा शहाणा फोरमन त्याच्या हातात व्हर्नियर आणि एक बुश देऊन माप विचारतो, ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचायचे ते उपकरण हा पोरगा शाळेतल्या फूटपट्टीसारखे वाचतो, आणि मुलाखत तिथेच आटोपते. खरा धोका असा फोरमन नसलेल्या ठिकाणी आहे. ऑफसेट, म्हणजे जॉब नेमका कुठे आहे ते यंत्राला सांगणारा आकडा, चुकीचा भरला आणि जी०० ची, म्हणजे भरधाव सरकण्याची, आज्ञा सुटली, तर टूल पूर्ण वेगाने जॉब पकडणाऱ्या चकवर जाऊन आदळते. टूलच्या टोकाचा इन्सर्ट फुटतो, चक फिरवणारे स्पिंडलही जायबंदी होऊ शकते, आणि दार उघडे ठेवून काम करायची सवय असली तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचीही धडगत नसते. म्हणून ‘सेटिंग’ हा शब्द टाइप करण्यापूर्वी मी ‘वर्क ऑफसेट कसा घेतोस रे?’ असे विचारून घेतो. पोरगा छताकडे पाहू लागला, की मी फक्त ‘ऑपरेटिंग’ लिहितो. त्यावर काहीजण शेजारच्या दुकानात जातात, आणि तिथे त्यांना प्रोग्रॅमिंगही मिळते.

एकट्या मुलांना दोष देणे मात्र मला जमत नाही, कारण मालकांच्या जाहिरातीही मीच टाइप करतो. ‘आकर्षक पगार’ असे सांगणाऱ्या मालकाला मी आकडा विचारला, की तो आकडा सोडून बाकी सगळे सांगतो. ‘कौटुंबिक वातावरण’ म्हणजे रविवारी बोलावले तर घरच्यासारखे यायचे. वयाची अट बावीस आणि अनुभवाची अट पाच वर्षे अशी जाहिरातही मी निमूटपणे छापून दिली आहे. मालक वाचताना निम्मे वजा करतो, म्हणून मुलगा लिहिताना दुप्पट करतो; या व्यवहारात फसतो तो खरे लिहिणारा, कारण त्याचेही निम्मे वजा होतेच.

या बाबतीत मला विराटाच्या दरबाराची फार आठवण येते. अज्ञातवासात पांडवांनी तिथे नोकरीसाठी जे अर्ज केले, त्यांत नाव, गाव, पूर्वेतिहास सगळे खोटे होते. शिवाय ‘पूर्वी युधिष्ठिराच्या पदरी होतो’ असा संदर्भ कंक बनलेल्या खुद्द युधिष्ठिरानेच दिला, याला काय म्हणावे! पण बल्लव झालेल्या भीमाला स्वयंपाक येत होता, बृहन्नडा झालेल्या अर्जुनाला नृत्य येत होते, ग्रंथिक झालेल्या नकुलाला घोडे कळत होते. द्यूतात निष्णात म्हणवणाऱ्या कंकाची आदली कामगिरी पाहता थोडी शंका घेता येईल, परंतु अनुभव दांडगा होता हे नाकारता येणार नाही. आमच्याकडे नेमके उलटे घडते: नाव, गाव, आधार क्रमांक सगळे खरे, आणि कौशल्य तेवढे अज्ञातवासात.

तरीही सगळी फुगवाफुगवी मी एका मापाने मोजत नाही. काही जण अर्जातले कौशल्य पगाराच्या उचलीसारखे घेतात आणि पुढे अंगमेहनतीने फेडतात. वडगावच्या एका मुलाच्या कन्नडपुढे मी अशाच तीन खुणा केल्या होत्या. एका वित्तसंस्थेने त्याला वसुलीसाठी घेतले, आणि त्या खुणांवर विश्वास ठेवून थेट रायबाग तालुक्यात धाडले, जिथे हप्ता बुडवणारा माणूस अस्सल कन्नडमध्ये बुडवतो. पहिले काही महिने लोक त्याला ‘नाळे बर्री’ म्हणत, आणि ‘उद्या या’ एवढे कन्नड कळत असल्यामुळे हा प्रामाणिकपणे दुसऱ्या दिवशी जात असे. परवा तो दुकानात आला तो फोनवर कोणाशी तरी कन्नडमध्ये कडाकडा भांडतच. फोन ठेवून त्याने नवा बायोडाटा करायला सांगितला. मी भाषांचा तक्ता उघडून कन्नडच्या तिन्ही खुणा या वेळी समाधानाने केल्या, तेव्हा तो म्हणाला, ‘काका, खाली आणि एक ओळ वाढवा की. तेलुगू. हैदराबादला जागा निघाल्यात म्हणे.’

मी त्याला रकाने किती भरायचे ते विचारले. थोडा विचार करून तो म्हणाला, ‘आत्ता बोलता एवढंच लिहा. लिहिता-वाचता पुढच्या खेपेला बघू.’