लीन व्हायचंय? आधी समिती नेमा

कंपनीत 'लीन', म्हणजे टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली फुकट जाणारं काम कमी करायची पद्धत, आणायचं ठरवलंत? अभिनंदन! सुरुवात भिंतीपासून करा. मोठा फलक लावा, त्यावर कामांच्या रंगीत चिठ्ठ्या डकवा. चिठ्ठ्या पुढे सरकल्या नाहीत तरी हरकत नाही, फोटो निघेपर्यंत गळून पडल्या नाहीत म्हणजे झालं.

शब्द जपानी वापरा, सवयी जुन्याच राहू द्या.

काम जिथे चालतं तिथे जाऊन बघावं म्हणतात. ही पद्धत घडवणारे टोयोटाचे ताइची ओनो जमिनीवर खडूनं वर्तुळ काढून त्यात अभियंत्याला तासन्‌तास उभं करायचे, नुसतं बघायला. तुम्ही कशाला पाय दुखवून घेता? येणार असल्याचा मेल आदल्या दिवशी टाका. टेबलं आवरलेली मिळतील, माणसं हसरी मिळतील, आणि काहीच दिसणार नाही.

चूक झाली की पाच वेळा 'का' विचारा. मात्र पाचवं उत्तर वरच्या मजल्याकडे जायला लागलं, तर चौथ्यावरच थांबा.

शिक्षण अखंड हवं, म्हणून ते सुट्टीच्या दिवशी ठेवा.

आता सूचना. टोयोटानं कामगारांकडून सूचना मागवायला १९५१ मध्ये सुरुवात केली, तर आपण का मागे राहायचं? फक्त सूचना सोपी होऊ देऊ नका. आमच्याकडे परवा निकाल लागलेली एक सूचना नमुना म्हणून घ्या. स्टोअर्समधल्या एका बाईंनी कळवलं, की जे आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरतो तेच पुन्हा एक्सेलमध्ये भरतो. ती एक्सेल कुणी उघडतही नाही, तेव्हा बंद करावी. एका ओळीचं काम. त्यांना फॉर्म दिला. फॉर्मात 'अपेक्षित बचत' रुपयांत, 'संस्थेच्या ध्येयाशी सुसंगती' शंभर शब्दांत. मग विभागप्रमुखांची सही. विभागप्रमुख कुठे? कायझेनच्या, म्हणजे सतत सुधारणेच्या, प्रशिक्षणाला! मग समिती. समितीची बैठक कोरमअभावी पुढे. मग म्हणे प्रेझेंटेशन करा. शेवटी मंजुरी मिळाली ती अशी: एक्सेल तूर्त चालू ठेवावी आणि किती वेळ वाचला याचा साप्ताहिक अहवाल द्यावा. म्हणजे दोन ठिकाणी भरत होत्या, आता तीन ठिकाणी भरतात. आणि कागदावर वेळ 'वाचला' ना, मग त्यांच्या हाताखालचा कंत्राटी मुलगा कमी केला. बाईंना प्रशस्तिपत्रक. टाळ्या.

यानंतर त्या विभागातून सूचना आली नाही. येईल कशी? पुढच्या बैठकीत 'लोकांमध्ये बदलाची मानसिकता नाही' यावर चर्चा झाली, चहासकट. मानसिकता! आपल्याच सहकाऱ्याची नोकरी घालवायला सूचना देणारा माणूस तुम्हाला हवाय तरी कशाला?

ओनोंच्या सात अपव्ययांच्या यादीत 'वाट पाहणं' आहे आणि 'गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया' पण आहे. तुमची समिती एकटी दोन्ही करते. टोयोटानं २००१ मध्ये आपली तत्त्वं लिहून काढली तेव्हा खांब दोन सांगितले, सतत सुधारणा आणि माणसांचा आदर. दुसरा तुमच्या स्लाइडमधून गळाला कसा? तिथे अडचण दिसली की साधा कामगार दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, टीम लीडर धावत येतो, आणि गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचेतो अडचण सुटली नाही तर अख्खी लाइन थांबते. त्याला कुणी मेमो देत नाही. तुमच्याकडे अडचण बोलून दाखवली की माणूस 'नकारात्मक' ठरतो. जो रोज ते काम करतो त्याला त्यातलं कळतं, एवढं मान्य करायला तुम्हाला सल्लागार लागतो, आणि तो सल्लागारही येऊन त्याच माणसाला विचारतो, वर त्याचंच उत्तर बिलासह तुम्हाला देतो!

लोकांचा वेळ वाचला तर त्यांना पुढचं काम शिकवा, घरी पाठवू नका. त्या मुलाला परत बोलवा. आणि ती एक्सेल बंद करा. सही लागत असेल तर ती तुमचीच लागते, फॉर्म कुणाकडून भरून घेताय?